मूळ प्रत

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
विश्वास ठेवायचा नसतो, बघायचं असतं.
म्हैस समोर, कास समोर,
पेल्यात पडणाऱ्या धारेचा आवाजसुद्धा समोर.
माणसं उभ्यानं पितात, मिशीचा फेस पुसतात,
गाडीला किक मारतात.
सगळा धंदाच डोळ्यांदेखतचा.

तिथंच कुणीतरी एकोणीस सेकंद टिपले.
केरबा वरुटे चरवीत पाणी ओततोय.
बस्स, एवढंच.
विसाव्या सेकंदाला त्यानं चरवी विसळली,
पाणी म्हशीच्या खुरांवर फेकलं
आणि मग धार काढायला बसला.
विसावा सेकंद कुणाच्याच फोनमध्ये नव्हता.

माझ्याकडं ते आलं रात्री पावणेबाराला,
तालमीच्या ग्रुपवर.
बायको म्हणाली, लाइट घालवा.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि वर लिहिलं: बघा, आपलं कोल्हापूर बघा.
अकरा जागी पाठवलं.
झोप चांगली लागली.
हे सांगायला पाहिजे. झोप चांगली लागली.

सकाळपर्यंत अडीच लाख.
कुणी त्याचा नंबर टाकला, कुणी घराचा फोटो.
दुपारी त्या घराच्या दाराला शेण फासलं,
त्याचाही व्हिडिओ आला.
'फोडा ह्याला भावा' लिहिणाऱ्यांत
आमच्या पोराच्या क्लासचे सर होते.
केरबाची तेजल नर्सिंगला.
हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकावर
कुणीतरी पाण्याची बाटली हलवायचं.
नुसती हलवायचं. बोलायचं काही नाही.
तक्रार तरी कशाची करायची?

सव्वा महिन्यानं तो माझ्या दुकानात आला.
पापाच्या तिकटीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
चेहरा मी लगेच ओळखला.
त्यानं मला कशाला ओळखावं?
प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद,
प्रयोगशाळेचा शिक्का, निळी सही,
भेसळ आढळून आली नाही.
"पन्नास काढा. गिऱ्हाइकांस्नी वाटायच्यात."
मग थांबून, "शिक्का उठंल न्हवं?"

मी झाकण उघडलं, कागद पालथा घातला.
उजेड डावीकडून उजवीकडं गेला, परत आला.
एक. दोन. तीन.
तिकडं अंगठा टेकला की अडीच लाख,
इथं सतराव्या प्रतीला कागद अडकला.
मशीनच्या पोटात हात घालून
मी तो सुरकुतलेला ओढत होतो, पाठ त्याच्याकडं,
आणि आता सांगावं, आता सांगावं,
असं घशापर्यंत आलं.
मशीन चालू झालं.

पैसे घेतले.
नको म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का?
शंभराची नोट. तिला वैरणीचा वास.

संध्याकाळी बघतो तर मूळ कागद काचेवरच.
लोक विसरतात. आधारकार्डं, दाखले,
एकदा तर कुणाचा तरी घटस्फोटाचा अर्ज.
तसल्या कागदांचा एक डबाच आहे माझ्याकडं.
हा त्यात टाकवेना.
पंधरा दिवस गल्ल्यात ठेवला,
मग एका पहाटे कट्ट्यावर गेलो.

त्याच्या जागेवर वाळलेलं शेण आणि एक स्कूटर.
शेजारचा धार न थांबवता बोलला,
"केरबा व्हय? म्हशी वडगावच्या बाजारात गेल्या.
आता शिरोलीत हाय, रातपाळीला.
तुमास्नी दूध पायजे काय?"

मी हो म्हटलं.
त्यानं भांड्यात पाणी घेतलं, विसळलं, लांब फेकलं,
मग भांडं उंच धरून पालथं करून दाखवलं,
आतून, बाहेरून, पुन्हा आतून.
आता सगळेच दाखवतात म्हणे असं.

पेला गरम होता. कागद खिशात होता.
दूध संपेपर्यंत तो बघत राहिला,
माझा फोन कुठल्या हातात आहे ते.